नळ, बादली, तांब्या आणि परत नळ

चिंचेनं घासलेला पितळी नळ पहिली दोन मिनिटं सोन्यासारखा दिसतो. नंतर पुन्हा नळासारखा.

शकूवन्संच्या सुनेनं मला नमस्कार केला तेव्हा माझ्या पावलांना हात लावला नाही. वीतभर अंतर ठेवून हवेला नमस्कार केला. तिला तसंच शिकवलं होतं.

मिरजेच्या एका दवाखान्यात पहिल्या मजल्यावर निळ्या प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्या उजव्या हातावर कोणीतरी पेनानं ‘संतोष’ असं कोरलेलं.

मुलाच्या ताटात पोळी वाढताना हात ताटाच्या किती वर धरावा? एक फूट. पोळी पडते, थाप वाजते, मूल दचकत नाही. सवय होते.

दुसरीतला निबंध, सहा ओळींचा. चौथी ओळ: ‘माझी आई मला लांबून ओळखते.’ बाईंनी खाली लाल शाईनं ‘छान’ लिहिलं होतं.

हे सगळं एकाच बाईचं आहे. ती बाई मी. कुमुद गिजरे, राहणार सांगली. जे सांगायचं आहे ते चौदा वर्षांपूर्वी भाद्रपदात घडलं, पण त्याची सुरुवात ज्येष्ठातल्या एका फोननं झाली.

फोन माझ्या मुलीचा, ऋजुताचा. पुण्याहून.

“आई, चौथा लागलाय.”

“कळलं. जावयांनी यांना सांगितलं.”

“बाळंतपणाला मी सांगलीला यावं असं वाटतं का तुला?”

“वाटायचं काय त्यात? पहिलं बाळंतपण माहेरीच होतं.”

“मग एक अट आहे. नर्स बाळ बाहेर आणेल, ते तू घ्यायचं. तिथंच, तेव्हाच. सोयर फिटल्यावर, धुऊनपुसून, असलं काही चालणार नाही. घेणार?”

मी पदरात धरलेला रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“नाहीतर मी इथं सासूबाईंकडेच राहते. त्या घेतात. त्या गल्लीतली मांजरंसुद्धा घेतात.”

मी हो म्हणाले. मायेचा उमाळा येऊन म्हणाले असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. मला दिसल्या त्या शकूवन्सं, माझी मोठी नणंद. गावभर विचारत फिरताना दिसल्या: कुमुदच्या पोरीचं पहिलं बाळंतपण सासरी का हो?

“मिरजेला एक जण आहे,” ऋजुता म्हणाली. “तिच्याकडे जा. मी वेळ घेऊन ठेवलीय.”

*

तहसीन नदाफ. वय तिशीच्या आतबाहेर, वहीच्या मुखपृष्ठावर अस्वलाचं चित्र. मानसोपचार करणाऱ्या बाईच्या वहीवर अस्वल. मी त्या निळ्या खुर्चीच्या कडेवर बसले, तिनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मी प्यायले नाही.

“आजारामुळे नाही प्यायलात, की माझ्या आडनावामुळे?”

असं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. “दोन्हीमुळे.”

“बरं. पहिलं माझ्या कामाचं आहे. दुसरं तुमचं तुम्ही बघा.”

उद्धट. मला ती आवडली नाही. आजही आवडते असं मी म्हणणार नाही.

“आणि आजार कसला?” मी म्हणाले. “आमच्याकडे याला सोवळं म्हणतात.”

“तुमच्या सासूबाई पाळायच्या?”

“कडक.”

“दिवसातून किती अंघोळी करायच्या त्या?”

“एक.”

“आणि तुम्ही?”

ग्लासातल्या पाण्यावर एक चिलट बसलं होतं. मी ते बघत राहिले.

“साधारण सात,” शेवटी म्हणाले. “सणाला जास्त.”

“म्हणजे तुमचं सोवळं त्यांच्या सातपट आहे. की ते सोवळं नाहीच, वेगळंच काहीतरी आहे?”

सासूबाई गेल्या तेव्हा ऋजुता दोन वर्षांची होती. त्यांच्यामागे गौरींचा स्वयंपाक माझ्याकडे आला. पहिल्या वर्षी मी दोनदा अंघोळ केली, चूक नको म्हणून. दोनाचे चार कधी झाले ते मला सांगता येत नाही. पण कोणी मला आवरलं नाही हे मात्र पक्कं सांगता येतं. दुसऱ्या एखाद्या घरात सुनेला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या माणसांनी माझ्या पाया पडायला सुरुवात केली.

तहसीननं पद्धत सांगितली. ती इतकी बावळट होती की मला दोनदा ऐकावी लागली. ज्याची भीती वाटते तेच करायचं. नंतर धुवायचं नाही. भीतीला आकडा द्यायचा: शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे आता जीव जाणार. आकडा चढेल. चढू द्यायचा. उठायचं नाही, पुसायचं नाही, मनात स्तोत्रही म्हणायचं नाही. तो आपोआप उतरतो.

“आणि नाही उतरला तर?”

“अजून कुणाचा वर अडकलेला मी पाहिला नाही. तुमचा अडकला तर फोन करा.”

एवढी वर्षं कॉलेजात घालवून ही पोरगी मला सांगत होती की घाणीला हात लावा आणि बसून राहा. हे आमच्या मागच्या गटारातली डुकरं विनामूल्य करतात.

तिनं यादी करायला लावली. मी सुवाच्य अक्षरात एकतीस गोष्टी लिहिल्या. दाराची कडी तीस. शेजारच्यांच्या बेलचं बटण पस्तीस. एसटीच्या खिडकीचा गज पंचावन्न. दुसऱ्याची चप्पल सत्तर. आत्ता जन्मलेलं मूल नव्वद. पारोशानं, म्हणजे बिनअंघोळीचं, नैवेद्याचं पुरण घालणं शंभर.

तिनं यादी वाचली. शेवटच्या दोन ओळींवर पेन थांबलं.

“मूल नव्वद आणि पुरण शंभर?”

“हो.”

“बरं.”

हे ‘बरं’ मला पुढं तीन महिने पचलं नाही.

“पुरण मी करायला सांगणार नाही,” ती म्हणाली. “तो तुमच्या देवाचा प्रश्न आहे. आपण नव्वदपर्यंत जाऊ.”

*

पस्तीस.

बेलचं बटण दाबलं, हात मांडीवर ठेवला, आमच्या हॉलमध्ये बसले. समोर आमचे हे पेपर वाचत होते. पंचवीस वर्षं मी यांना दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारत आले: “झालं का हो शुद्ध?” आणि हे पेपरातून मान वर न काढता म्हणत: “झालं.” तहसीननं यांना बोलावून बजावलं होतं की इथून पुढं एकच उत्तर. यांनी ते शाळेच्या नाटकातल्या भालदारासारखं पाठ केलं होतं.

“माझा पदर लागला का हो सोफ्याला?”

“माहीत नाही.”

“तुम्ही बघत होतात ना?”

“बघत होतो. माहीत नाही.”

“अहो, एवढं तरी—”

“कुमुद,” यांनी पेपर खाली ठेवला. “त्या मुलीनं मला बजावलंय. आणि खरं सांगू का? मला कधीच माहीत नव्हतं. तू विचारायचीस म्हणून मी झालं म्हणायचो.”

म्हणजे पंचवीस वर्षं मी ज्या शिक्क्यावर जगत होते तो शिक्का पेपरमागून, न बघता मारला जात होता.

पंचावन्न.

मिरज स्टँड. बसच्या खिडकीचा गज धरला, उतरून बाकावर बसले. तहसीन शेजारी शेंगा खात. मला घाम, बोटं हाताला चिकटलेली परकी बोटं वाटत होती. पंचावन्नाचे सत्तर झाले. मग साठ. मग कोल्हापूरची गाडी लागली, एक म्हातारा कंडक्टरशी भांडायला लागला, मी ते भांडण ऐकत राहिले आणि लक्षात आलं की आकडा विसरले.

“किती?” तहसीन म्हणाली.

“वीस.”

“चाळीस मिनिटं झाली.”

मला आनंद झाला नाही. संताप आला. जिला मी देवाची आज्ञा समजून पंचवीस वर्षं राबले, ती बाकावर बसवून ठेवली तर चाळीस मिनिटांत कंटाळून निघून जाते? इतकी फुटकळ होती ती?

“शेंगा?” तिनं पुडी पुढं केली.

मी घेतल्या. त्याच हातानं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

*

भाद्रपद आला. गौरी आमच्या घरी असतात; दुसऱ्या दिवशी पूजन, पुरणपोळीचा नैवेद्य आणि पाच सवाष्णी जेवायला. शकूवन्सं सुनेला घेऊन आल्या. सासूबाईंची धाकटी बहीण, अंबूमावशी आल्या, ब्याऐंशी वर्षांच्या, दात नवे बसवलेले. पुण्याहून ऋजुता आली, सातवा महिना. मिरजेचं ऋजुता आणि हे सोडून कोणाला माहीत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं मी सांगितलं होतं.

तीन महिन्यांत मी सत्तरपर्यंत पोचले होते. दुसऱ्याच्या चपला हातात धरून मी तासभर बसले होते. पण दारात शकूवन्सं दिसल्या, त्यांच्या सुनेनं हवेला नमस्कार केला, आणि माझी मान आपोआप ताठ झाली. एका क्षणात मी परत देव्हाऱ्यात जाऊन बसले.

ऋजुतानं बॅग टेकवली. “हात लाव ना आई. परवा लाथ मारली त्यानं.”

“आत्ता नको. गौरी आहेत.”

“बाई, दोन दिवस आईपासून लांबच राहा हं,” शकूवन्सं म्हणाल्या. “असं सोवळं आता बघायला मिळत नाही कुठं.”

“मी सत्तावीस वर्षं बघतेय, आत्या.”

“भाग्य लागतं त्याला.”

“हो ना. लांबूनच लागतं.”

शकूवन्संना ते कळलं नाही. त्यांना त्यांच्या सोयीचंच कळतं.

पूजनाच्या दिवशी सकाळी साडेपाचला मी बाथरूममध्ये गेले. आमच्या फ्लॅटात संडास-बाथरूम एकत्र, एकच. अंघोळीआधी माझं काम असायचं: नळ घासायचा, मग बादली, मग तांब्या. तांब्या धुताना नळाला हात लागतो, म्हणून परत नळ. तहसीनकडे जायला लागल्यापासून हे बंद होतं. त्या दिवशी सगळं परत सुरू केलं. पाऊण तास झाला होता आणि अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

दार वाजलं.

“आई, उघड. मला जायचंय.”

“दहा मिनिटं.”

“दहा मिनिटं नाही निघणार गं.”

नळ झाला होता, बादली दोनदा झाली होती, तांब्या हातात होता. आता दार उघडलं तर पहिल्यापासून.

“आई!”

बाहेरून शकूवन्संचा आवाज आला. “अगं, सोवळ्यात आहे ती. असं दार वाजवू नये. खाली पाटलांकडे जा. जा पटकन.”

चपला सरकल्या. बाहेरचं दार उघडलं. आमच्या जिन्याच्या पायऱ्या दोन टप्प्यांत आहेत, नऊ आणि नऊ. मी आत उभी राहून पावलं मोजली. मला मोजायची सवयच होती. सात झाली. आठवं वाजलं नाही.

मी वाट पाहिली. तांब्या हातात धरून, एक बाई आपल्या पोरीच्या आठव्या पावलाची वाट बघते. ते वाजलं नाही.

मी दार उघडलं. शकूवन्सं देवासमोर डोळे मिटून बसल्या होत्या. मी अनवाणी जिन्यावर गेले, जिथं सगळ्या इमारतीच्या चपला फिरतात.

ऋजुता सातव्या पायरीवर बसली होती. दोन्ही हात पोटावर. सलवार लघवीनं भिजलेली, खालच्या तीन पायऱ्या ओल्या.

“आलीस?” ती म्हणाली. “बघ, आता तर लांबूनही ओळखशील.”

“ऊठ.”

“हात लावू नकोस. अंघोळ झालीय तुझी.”

“नाही झाली.”

“पाऊण तास आत होतीस!”

“नळ धूत होते.”

“काय?”

“नळ. मग बादली, तांब्या आणि परत नळ. अंघोळ त्याच्यानंतर असते.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की तसं बघणं मी कोणाच्याही वाट्याला चिंतणार नाही. मग ती हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा बिघडला आणि ती रडली, आणि मधेच पुन्हा हसली.

मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. तिनं सगळा भार माझ्यावर टाकला. ओली, गरम, जड. माझी मुलगी इतकी जड असेल याची मला कल्पना नव्हती. याआधी तिचं वजन मला शेवटचं कधी माहीत होतं, ते आठवेना.

तिला बाथरूममध्ये पोचवलं. दोनदा धुतलेली बादली बाहेर काढली, फडकं घेतलं, तीन पायऱ्या पुसून काढल्या. साबणानं हात धुतले, एकदा, बोटांच्या बेचक्यांतून, सगळी माणसं धुतात तसे. ऋजुता कपडे बदलून बाहेर आली. बाथरूम मोकळी झाली. आत बादलीभर पाणी काढायला कितीसा वेळ लागतो? मी दारात उभी राहिले.

पंच्याण्णव.

आणि वळले. बिनअंघोळीच्या अंगाला सोवळ्याची धाबळी गुंडाळली, स्वयंपाकघरात गेले आणि डाळ शिजायला टाकली.

मला शौर्याचं कौतुक नको. ते शौर्य नव्हतं. ‘जा पटकन’ असं एका गरोदर पोरीला सांगून देवासमोर डोळे मिटणाऱ्या बाईला मला तिच्याच जिभेवर काहीतरी वाढायचं होतं. सूड म्हणा. माझ्या आतही तशीच एक बाई होती, तिच्यावरही.

डाळ शिजली: शंभर. कट गाळताना अर्धा ओट्यावर सांडला. गूळ घातला: शंभर. पुरणयंत्र फिरवलं: नव्वद. मधे एकदा हॉलमध्ये गेले, गौरींकडे बघायची हिंमत होईना, तरी बघितलं. मुखवटे दरवर्षीसारखे हसत होते. त्यांना कळलं असेल तर त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. पहिली पोळी फाटली. सातवी बरी झाली. सत्तर. विसावी टम्म फुगली. नंतरच्या पोळ्यांना मी आकडे घालायची विसरले. मला भूक लागली होती. सणाच्या दिवशी स्वयंपाक करताना भूक लागते हे मी विसरून गेले होते.

*

नैवेद्य झाला. पाट मांडले, पंगत बसली. शकूवन्संनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्यांना डोळे मिटायला काहीही पुरतं.

“काय गं ही चव, कुमुद!”

“ही सोवळ्याची चव,” अंबूमावशी म्हणाल्या. “माझ्या ताईच्या हातालासुद्धा ही नव्हती.”

“शिकून घे,” शकूवन्संनी सुनेला ढोसलं. “नुसतं यूट्यूब बघून येत नाही हे.”

सून मान डोलावत चौथी पोळी खात होती. ऋजुता भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती. तिला बोलायची सवयच ठेवली नव्हती मी.

“मी पारोशी आहे,” मी म्हणाले.

घास थांबले.

“काय म्हणालीस?” शकूवन्सं.

“मी आज अंघोळ केलेली नाही. एकदाही नाही. पुरण पारोशानं घातलंय.”

शकूवन्संच्या गालात पोळी होती. ती आत जाईना, बाहेर येईना. त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

“चेष्टा करतीयस.”

“नाही.”

“अगं पण मी स्वतः बघितलं, पाऊण तास आत होतीस!”

“नळ धूत होते. मग बादली. मग तांब्या. मग परत नळ.”

मी वाट बघत होते की आता ही बाई उठेल, मोरीत जाऊन ओकेल, गावभर सांगेल, आणि पंचवीस वर्षांचा हा तमाशा एकदाचा मोडेल.

अंबूमावशींनी नवे दात जिभेनं नीट बसवले.

“ऐकलंत?” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “नळसुद्धा धुते. अंघोळीच्या आधी नळ धुते! आणि वर स्वतःला पारोशी म्हणवते. याला म्हणतात सोवळं.”

शकूवन्संनी पोळी गिळली. रंग परत आला. “मी घाबरलेच की! कुमुद, तू पण ना.” मग सुनेकडे वळून: “बघितलंस? नळ.”

“अहो, पण अंघोळ—” मी म्हणाले.

“वाढ गं अजून एक,” अंबूमावशी म्हणाल्या. “तूप सोड वरून.”

मी वाढली. काय करणार होते? माझ्या तोंडून सत्य बाहेर पडलं आणि या बायकांनी त्याला तूप लावून खाल्लं. त्यांना माझी अंघोळ नकोच होती. त्यांना कोणीतरी असं हवं होतं की जिच्या हातचं खाल्लं की आपण स्वतः काही न करता शुद्ध होतो.

नंतर मी स्वयंपाकघरात भांडी काढत होते तेव्हा ऋजुता आली.

“माझ्यासमोर तुला देवी केलं त्यांनी.”

“केलं.”

“आवडलं?”

खोटं सांगता आलं असतं. “आज नाही. पण पंचवीस वर्षं आवडत होतं.”

ती ओट्याला टेकली. “मला वाटायचं तू घाबरतेस.”

“घाबरत होतेच. पण नुसतं घाबरायचं असतं तर कधीतरी थकले असते. कोणी पाया पडत असलं की थकवा येत नाही.”

माझ्या बोटांना पीठ होतं, तूप होतं, खरकटं होतं. मी हात न पुसता तिच्या पोटावर ठेवला. बाळानं लाथ वगैरे काही मारली नाही. झोपलं असावं.

“किती?” ऋजुतानं विचारलं.

“तुला काय माहीत आकड्यांचं?”

“मीच शोधलंय ना तिला. किती?”

“साठ.”

“काढतेस हात?”

“नाही. उतरू दे.”

ती हलली नाही. बाहेर शकूवन्सं सुनेला सांगत होत्या की घरी गेल्यावर आपलाही नळ चिंचेनं घासून बघ.

*

मार्गशीर्षात मिरजेच्या प्रसूतिगृहात नर्सनं बाळ बाहेर आणलं. केसांत अजून चिकट काहीतरी होतं, एका कानाची कड दुमडलेली. मी हात पुढं केले. संध्याकाळी तहसीनला फोन केला.

“नव्वदचं झालं.”

“उतरायला किती वेळ लागला?”

“बघितलं नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. आभार मानायचे राहिले. तेही बरंच झालं.

ऋजुता सहा वर्षांची असताना तिला गोवर आला होता, आणि त्या नऊ दिवसांत मी दारात उभी असायचे, तिच्याजवळ शेजारच्या नलू शिंदे झोपत होत्या.